चुन्याचं बोट लावलेली पिंपं

आमच्या घरात सगळ्यांत जास्त बोलणारी मी, आणि नोकरीही मला बोलण्याचीच लागली. ताई म्हणायची, हिला पगार कशाला देतात, ही तर फुकटसुद्धा बोलते.

मी भिवंडीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले, तोवर आमच्या वडपे गावात हायवेच्या दोन्ही अंगांना भात कमी आणि गोडाऊनं जास्त दिसायला लागली होती. त्यातल्या एका गोडाऊनमध्ये लूमच्या कापडाला लागणारी रसायनं, रंग, आम्लं असा माल यायचा. माल ठेवणाऱ्या कंपन्यांनी गोडाऊनच्या शेठला अट घातली, की कोणत्या पिंपात काय आहे आणि ते अंगावर पडलं किंवा श्वासात गेलं तर काय होतं, हे हमालांना त्यांच्या भाषेत सांगणारं कुणीतरी ठेवा. शेठ चिक्कू होता, पण वाईट नव्हता. मुकादमाने त्याला सांगितलं, "माझी भाची हाय, केमिस्ट्री शिकलीय, गावातच ऱ्हाते." झालं, मी लागले. मुकादम म्हणजे माझा सख्खा मामा, आईचा एकुलता एक भाऊ. त्याचं घर आमच्याच गावात, मागच्या आळीत.

सोमवारी सकाळी, मालाची गाडी लागायच्या आधी, मी शटरजवळ उभी राहायचे. समोर हमाल उकिडवे बसलेले, हातात चहाचे ग्लास. निम्मे आमच्याकडचे, निम्मे उत्तर प्रदेशातून लूमवर आलेले आणि लूमचा खडखडाट सोसेना म्हणून गोडाऊनवर आलेले. मी अर्धं मराठीत आणि अर्धं हिंदीत सांगायचे, आणि दोन्हीकडचे लोक सारख्याच आदराने जांभया द्यायचे. पहिल्या रांगेत मामा. "ऐका रे, माझी भाची बोलतेय," असं तो सगळ्यांना दटावायचा, आणि मग स्वतः माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघत बसायचा की त्याच्या कानात एक अक्षर जात नसणार हे मला दिसायचं.

फॉर्मॅलिन समजावून सांगायला मी केवढी तयारी केली होती! कापडाला सुरकुती पडू नये म्हणून ते वापरतात. निळ्या प्लास्टिकच्या पिंपांमधून यायचं. मी म्हटलं, "शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीत बेडूक ठेवलेला असतो, आठवतो? तो ज्यात बुडवलेला असतो, ते हे. यात हात घालायचा नाही, वरून नाक लावायचं नाही. नाकाची आतली कातडी जाळतं हे."

मागून एकजण म्हणाला, "मॅडम, मेंढक तो बरसों ताज़ा रहता है. हम भी रहेंगे."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मामा हसला. माझं डोकं असं फिरलं की पुढचं सगळं मी छडी हातात असल्यासारखं सांगितलं. कुणी ऐकलं नाही. हातमोजे दिले ते डब्याच्या पिशवीत गेले, मास्क दिले ते गळ्यात लॉकेटसारखे लोंबले.

तरी ती नोकरी मला आवडायची, हेही सांगायला हवं. सकाळी गोडाऊनचं शटर वर जाताना येणारा तो गार अंधार, मग हळूहळू दिसणाऱ्या पिंपांच्या रांगा, आणि त्यांतल्या प्रत्येक पिंपात काय आहे हे आख्ख्या गावात फक्त मला ठाऊक असणं. मी त्या गोडाऊनची मालकीण नव्हते, पण माझी चाल मालकिणीची होती, असं आई म्हणायची.

माझं खरं भांडण होतं ते रिकाम्या पिंपांशी. आमच्याकडे नळाला पाणी यायचं ते पाहुण्यासारखं, आलं तर आलं. त्यामुळे घरोघरी पाणी साठवायला निळी पिंपं. ती कुठून येणार? गोडाऊनमधून. रिकामं पिंप कुणाला द्यायचं हे ठरवणं हा मुकादम म्हणून मामाचा मान होता, आणि पाणी भरायच्या आधी ते धुवायची एक रीतच गावात पडून गेली होती. आधी चुलीची राख, मग चिंचेचा कोळ, मग गच्चीवर आडवं टाकून उन्हात तापवायचं. आणि सगळ्यांत शेवटी मामाला बोलवायचं.

मामा यायचा, टोपी काढून ठेवायचा, आणि थेट पिंपात डोकं घालून जोरात श्वास ओढायचा. आजूबाजूच्या बायका गप्प. पिंपातून मामाचा आवाज घुमून यायचा, "पास!" मग तो कमरेच्या डबीतला तंबाखूचा चुना बोटावर घेऊन झाकणावर एक आडवी रेघ ओढायचा. ज्या पिंपावर चुन्याचं बोट, ते पाण्याला चालतं. कधी "नापास" म्हणाला तर त्या घरची बाई तक्रार न करता पुन्हा राख घेऊन बसायची. मामाचं नाक म्हणजे गावात शेवटचा शब्द होता.

"मामा, वास गेला म्हणजे औषध गेलं असं नसतं," मी त्याला कितीदा सांगितलं. "प्लास्टिक ते पिऊन बसतं. पाणी भरलं की हळूहळू परत सोडतं."

"बाय, तुझं पुस्तक तुझ्याजवल, माझं नाक माझ्याजवल," तो म्हणायचा आणि माझ्या डोक्यावर टपली मारायचा.

निदान आमच्या घरातलं पिंप मी आईशी महिनाभर भांडून मोरीत हलवलं. प्यायचं पाणी तांब्याच्या हंड्यात. आईने ते मानलं, पण मामा घरी आला की ती त्या हंड्यावर पदर पसरल्यासारखी उभी राहायची, भावाला दिसू नये म्हणून.

मामाची अजून एक गोष्ट त्या दिवसांत घरात चेष्टेची झाली होती. त्याला मामीचा स्वयंपाक आवडेनासा झाला होता. ज्या बाईच्या हातच्या बोंबलाच्या कालवणासाठी लोक भिवंडीहून वाट वाकडी करून यायचे, तिच्या ताटावर बसून हा म्हणायचा, "हातची चव गेली तुझी." वरून मीठ घ्यायचा, मिरची चावायचा. मामी बिचारी मसाला बदलून बघायची, तेल बदलून बघायची. एकदा आमच्याकडे आली आणि आईजवळ डोळे पुसत म्हणाली, "वन्सं, माझं काय चुकतं तेच कलत न्हाय." आम्ही सगळ्यांनी तेव्हा हे मामाच्या वयावर ढकललं आणि हसून सोडून दिलं.

मग ताईचं लग्न ठरलं. मे महिना. दारात मांडव, आणि हळदीला आख्खं गाव येणार. पाण्याचा घोर बाबांना लागला होता, पण मामाने छातीवर हात मारला. "पानी माझ्याकडं. भाचीच्या हलदीला पानी कमी पडलं तर मामा कशाला?"

हळदीच्या दिवशी सकाळी मी मांडवात आले तर एका बाजूला निळ्या पिंपांची रांग. घासून लख्ख केलेली, गळ्यात आंब्याचे डहाळे बांधलेले, पोटावर हळदीकुंकवाची बोटं, आणि प्रत्येक झाकणावर चुन्याची ताजी रेघ. टँकर येऊन भरून गेला होता. मामा पांढऱ्या सदऱ्यात त्या रांगेसमोर उभा होता. मी इतकं समाधान त्याच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाला, "कशी हायत?"

मी एका पिंपाला वळसा घालून मागे गेले. लेबलं खरवडून काढली होती, पण एकाचा खालचा कोपरा राहिला होता. त्यावरची अक्षरं मी रोज वाचायचे. फॉर्मॅलिनच. हे पाणी संध्याकाळी सगळी पोरंबाळं, म्हातारी माणसं, पोटुशा बायका पिणार होत्या.

मी धावत आईकडे गेले. ती हळदीचं दळण चाळत होती. तिने ऐकून घेतलं, आणि चाळणी खाली न ठेवता म्हणाली, "आज न्हाय. उद्या तो तुझ्या ताईला हात धरून बोहल्यावर नेनार हाय. मांडवात सगल्यांसमोर त्याचं पानी नको म्हनालीस तर तो परत या घराचा उंबरा चढनार न्हाय. मना एकच भाऊ हाय."

"आणि पाणी प्यायलेल्यांचं काय?"

आई पुन्हा चाळायला लागली. बाबा म्हणाले, "इतकी वर्षं पितायत, कुणाला काय झालंय?" ताई हातांना मेंदी लावून बसली होती, ती एवढंच म्हणाली, "तुला जे करायचं ते कर, पण मामाला लोकांसमोर रडवू नकोस." त्यांचा मला राग आला, आणि मामाचं ते तोंड आठवून रडूही आलं. गोडाऊनमध्ये अनोळखी माणसांना मी बेधडक सांगत होते, आणि इथे माझ्या सख्ख्या माणसाला कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं. शेवटी ठरवलं, मामाला एकटं गाठायचं. ऐकणार नाही हे माहीत होतं, तरी आधी त्याला. नाहीच ऐकलं तर मग मांडवात उभं राहून ओरडायचं.

तो मागच्या अंगणात सापडला. तिथे तीन दगडांच्या चुलीवर मामी कामकरी माणसांसाठी सुकट भाजत होती. मामा तिच्याकडे पाठ करून, हातभर अंतरावर, आंब्याच्या पानांचं तोरण ओवत बसला होता. मी दारात पोहोचते तोच पुढून हाक आली, "कासारीण आली!" बांगड्या भरायला मामी धावली, तशा झाडून सगळ्या बायका धावल्या. मलाही कुणीतरी हाताला धरून ओढत नेलं. गर्दीत माझ्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या चढल्या, आणि तेवढ्यात तो वास आला.

जळालेल्या सुकटीचा वास ज्यांना माहीत नाही त्यांना तो सांगता येणार नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही. मांडवातली माणसं नाक दाबत बाहेर पडली. शेजारची म्हातारी तिच्या ओट्यावरून ओरडली, "कोनाचं जललं गं?" मी ओढणी नाकाला लावून मागे पळाले. तव्यावर सुकटीचा कोळसा झाला होता. धूर होता, पण चुलीला धूर असतोच. आणि त्या धुरात, हातभर अंतरावर, मामा शांतपणे पान ओवत बसला होता.

"मामा! सुकट जळली!"

त्याने वळून माझ्याकडे बघितलं. "कुठं?"

मी तवा खाली ओढला आणि त्याच्याकडे बघतच राहिले. हमालांना मीच सांगितलेलं मला आठवलं, नाकाची आतली कातडी जाळतं हे. मी तव्याशेजारच्या टोपलीतून एक सुका बोंबील उचलला, मुठीत धरला, आणि त्याच्यासमोर बसले.

"मामा, डोळे मिट. सांग, काय आहे?"

"आता काय पोरखेल..."

"मिट ना."

त्याने मिटले. मी मूठ अगदी त्याच्या नाकाशी नेली. त्याने पिंपात ओढायचा तसा जोरात श्वास ओढला, थोडा थांबला, आणि हसून म्हणाला, "मोगरा. लग्नघरात दुसरं काय असनार?"

मी मूठ उघडली. त्याने डोळे उघडले. बोंबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत बोंबलाकडे. तो स्वतःच्या हाताने उचलून त्याने नाकाला लावला. एकदा, आणि परत एकदा. हातातलं तोरण कधी खाली पडलं ते त्याला कळलंच नाही.

"मना वाटायचं सर्दी हाय," तो हळूच म्हणाला. मग, "म्हंजे तिच्या हातची चव..."

"मामीच्या हाताला काही झालेलं नाही, मामा."

त्याने बोंबील परत टोपलीत ठेवला. मी रडत होते. एवढ्या वर्षांत या माणसाने प्रत्येक घरासाठी आपलं डोकं त्या पिंपात घातलं होतं, आणि त्याची कदर म्हणून त्या पिंपांनी त्याचं नाक नेलं होतं. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण मामाला कसं जवळ घेतात ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी त्याचा हात धरून बसले, नव्या बांगड्यांसकट.

"बाय, मग ती पिंपं मी पास कशाच्या जोरावर केली?" त्याने विचारलं. उत्तर त्यालाच माहीत होतं.

तो उठला. मांडवाचे खांब रोवायला आणलेली पहार कोपऱ्यात होती, ती उचलली, आणि पुढच्या अंगणात गेला. मी मागोमाग. बांगड्या भरणाऱ्या बायका, जेवायला आलेली माणसं, बाबा, सगळे बघत होते. मामाने टोपी काढून पिंपावर ठेवली, जशी नेहमी ठेवायचा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझं नाक गेलंय. बोंबलाचा पन वास येत न्हाय मना. मी चुना लावलेलं एक बी पिंप खरं धरू नका. माझी भाची सांगते ते खरं हाय. यात औषध हाय."

"मग ओतून देऊ," कुणीतरी म्हणालं. "पिंप तरी ठेवा."

"ठेवलं तर कोनतरी परत भरनार," मामा म्हणाला आणि टोपी उचलून पहिल्या पिंपाच्या बुडाशी पहार घातली.

मे महिन्यात, आमच्या अंगणात, एवढं पाणी वाहताना मी कधी बघितलं नव्हतं. बायका परकर वर धरून ओट्यावर चढल्या. एकामागून एक सगळी पिंपं मामाने भोसकली. शेवटच्या पिंपाला पहार आत जाईना, तेव्हा आईने पुढे होऊन त्याच्याबरोबर पहारेला हात लावला. उंबरा चढणार नाही म्हणून घाबरलेली माझी आई! तिने आपल्या भावाबरोबर ती पहार दाबली आणि मग पदराने त्याचं तोंड पुसलं.

हळदीचं पाणी कुठून आलं? गावातून. आळीतल्या बायकांनी आपापले हंडे, कळशा उचलल्या, मागे शेतात उरलेल्या विहिरीवर गेल्या, आणि गाणी म्हणत रांगेने पाणी घेऊन आल्या. म्हाताऱ्या म्हणाल्या, पूर्वी लग्नाचं पाणी असंच यायचं. हळद खूप रंगली. दुसऱ्या दिवशी मामाने ताईला हात धरून बोहल्यावर नेलं, आणि मामीने त्याच्या ताटात वाढताना मुद्दाम विचारलं, "चव हाय का?" त्याने मान खाली घालून सांगितलं, "असनार. तुझ्या हातची हाय." मामी त्या दिवसापासून जी खुलली, ती आजपर्यंत.

गाव एका दिवसात सुधारलं असं मी म्हणणार नाही. काहींनी पिंपं भंगारात दिली, काहींनी मोरीत नेली, आणि काहीजण, इतकी चांगली पिंपं वाया घालवायची म्हणून, मामावरच चिडले. डॉक्टरांनी नाक तपासून सांगितलं की गेलेला वास परत येईल याची खात्री नाही. मामाने ते ऐकून घेतलं आणि सोमवारी कामावर आला.

त्या सोमवारी तो पहिल्या रांगेत बसला नाही. माझ्या शेजारी उभा राहिला. कागदाच्या पुड्या आणल्या होत्या, एकीत हिंग, एकीत लसूण, एकीत मोगरा. बेडकाचा विनोद करणाऱ्यालाच पुढे बोलावलं, डोळे मिटायला लावले, आणि एकेक पुडी त्याच्या नाकाशी धरली. तो धडाधड ओळखत गेला.

"तुमको आता है," मामा म्हणाला. "मेरे को नहीं आता. मॅडम ने बोला था, मैंने सुना नहीं."

त्या दिवशी मास्क गळ्यातून वर गेले. नंतरही कधी कधी खाली यायचे, पण मामाची नजर पडली की आपसूक वर जायचे. रिकामं पिंप गोडाऊनबाहेर जायच्या आधी त्याच्या बुडाला भोक पाडायचं, हा नियम मामाने स्वतःच केला आणि शेठने मुकाट्याने मानला. मी तीच माहिती, त्याच अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या हिंदीत सांगत होते, पण आता लोक चहा खाली ठेवून ऐकायचे. चुन्याची डबी मामाच्या कमरेला राहिली, फक्त तंबाखूपुरती. "पास" हा शब्द त्याच्या तोंडून पुन्हा ऐकू आला नाही.

ताईला मुलगी झाली, तिच्या बारशापर्यंत.

घर माणसांनी भरलं होतं. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होतं, आणि प्रत्येकजण घेतल्या घेतल्या तिच्या टाळूला नाक लावून हुंगत होता. फिरत फिरत बाळ मामाकडे आलं. त्यानेही सवयीने डोकं वाकवलं, श्वास ओढला, आणि तसाच थांबला. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"बाय," तो म्हणाला, "सांग."

मी त्याच्या शेजारी बसले, बाळाच्या टाळूला नाक लावलं, आणि कामावर सांगते तसं नीट सांगितलं. "दुधाचा आहे, मामा. थोडा खोबरेलाचा. ओव्याची धुरी दिलीय ना सकाळी, तिचाही आहे. आणि खाली अजून एक आहे, गरम, नुकत्या शिजलेल्या भातासारखा. तो तिचा स्वतःचा."

मामाने डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. मान हलवली, बाळाला छातीशी धरलं, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाला, "पास!"